हवामानाचा रकाना

लिफ्टच्या कंपनीत मामाला सगळे 'पंचनामा' म्हणत, आणि हे नाव काही कौतुकानं ठेवलेलं नव्हतं. बाकीचे मेकॅनिक बिघाड झाला की पार्ट बदलून मोकळे होत. हा गडी आधी तासभर नुसता उभा राहणार, दार दहा वेळा उघडबंद करून बघणार, इमारतीतल्या रिकामटेकड्या म्हाताऱ्यांना प्रश्न विचारून भंडावून सोडणार आणि वर सगळं वहीत टिपून ठेवणार. साहेब वैतागायचे. पण एखादी लिफ्ट कधी चालते, कधी रुसून बसते, आणि मेकॅनिक दारात आला की हमखास गुणी बाळासारखी वागते, अशी तक्रार आली की तेच साहेब म्हणायचे, "पंचनाम्याला पाठवा."

असल्या बिघाडांबद्दल मामाचं एक मत होतं आणि समोरच्याला हवं असो वा नसो, तो ते ऐकवायचा. कायमची बंद पडलेली लिफ्ट सोपी. कधी चालणारी, कधी न चालणारी अवघड. आणि अवघड दिसलं की माणसं कामाला लागत नाहीत, नावं ठेवायला लागतात. म्हणे, लहरी आहे! "अरे, लोखंडाला कुठली आलीय लहर?" मामा म्हणायचा. "काहीतरी वेगळं घडत असतं. आपल्याला दिसत नाही, एवढंच. मग आपण आंधळे की ती लहरी?"

म्हणूनच त्या संध्याकाळी ताईनं शाळेचं पत्र त्याच्यापुढे टाकलं, तेव्हा अख्ख्या पानातला एकच शब्द त्याच्या डोळ्यांत खुपला. 'विद्यार्थिनी लहरी आहे. मनात असलं की अचूक लिहिते, नसलं की कोरी वही देते.'

विद्यार्थिनी म्हणजे त्याची भाची. वय नऊ, इयत्ता चौथी. घरात तिला भिंगरी म्हणत, कारण एका जागी बसणं तिला ठाऊकच नव्हतं. जन्मापासून तिला कमी ऐकू यायचं. चौथ्या वर्षी दोन्ही कानांना ऐकायची मशीनं बसली, आणि त्या दिवशी सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला. चला, आता पोरीला ऐकू येतं. वडील जहाजावर नोकरीला, सहा महिन्यांनी घरी येणार. ताई दिवसभर एका लाँड्रीत कपड्यांना नंबराच्या चिठ्ठ्या शिवायची. तिचा धाकटा भाऊ, म्हणजे मामा, त्याच इमारतीत एक जिना खाली राहायचा, त्यामुळे भिंगरीच्या शाळेचं ओझं दोघांनी वाटून घेतलं होतं. वाटून म्हणजे काळजी ताईची आणि प्रश्न मामाचे.

पत्रात पुढे लिहिलं होतं की तीन आठवड्यांनी बैठक आहे आणि मुलीला वर्गातून काढून तळमजल्यावरच्या खोलीत बसवण्याचा शाळेचा विचार आहे. खाली पालकांच्या सहीसाठी रेघ मारलेली होती.

तळमजल्यावरची खोली ताईनं एकदा पाहिली होती. वेगवेगळ्या वयांची अकरा मुलं, एक सांभाळणाऱ्या बाई, मोठं टेबल, त्यावर मणी आणि रंगाच्या पेट्या. पुस्तक एकही नाही. मुलं सकाळी येत, मणी ओवत, दुपारी घरी जात.

"मी सही करून टाकणार आहे," ताई म्हणाली.

"का?"

"का काय? रोज वहीत भोपळा, रोज रडारड. बाई रागावतात, मग मी रागावते. पोरगी आताशा माझ्यासमोर दप्तर उघडत नाही. खाली निदान कोणी ओरडणार तरी नाही तिच्यावर."

"आणि शिकवणार कोण?"

ताई पेन शोधायला उठली. ती थकली होती, आणि थकलेलं माणूस कुठल्याही कागदावर सही करतं.

"तीन आठवडे आहेत ना?" मामा म्हणाला. "शेवटच्या दिवशी कर की. आज काय मुहूर्त चुकतोय? मला आधी वही बघू दे."

श्रुतलेखनाची वही आली. बाई रोज दुसऱ्या तासाला दहा वाक्यं सांगत, मुलं लिहीत. मामानं फरशीवर मांडी ठोकली आणि तीन महिन्यांचे मार्क एका कागदावर ओळीनं उतरवले. नऊ, नऊ, भोपळा, आठ, भोपळा, भोपळा, भोपळा, नऊ, दहा, भोपळा. त्यानं दोनदा तपासलं आणि मग त्याच्या चेहऱ्यावर ते कुतूहलाचं हसू आलं जे बिघडलेली लिफ्ट बघताना यायचं. ताईला ते मुळीच आवडत नसे.

"हसतोस काय? माझ्या पोरीचे भोपळे आहेत ते."

"ताई, मधलं काहीच नाही बघ. चार नाही, पाच नाही. ज्याला येत नाही त्याला चार तरी मिळतात गं, दुसऱ्याचं बघून का होईना. आणि ज्याला येतं त्याला शून्य कसं मिळेल? एक तर सगळं, नाहीतर काहीच नाही. हे काय आहे?"

"लहर," ताई कडवटपणे म्हणाली.

मामानं टेबलावर दोनदा टिचकी मारली. भिंगरीनं मान वर केली. ही त्यांच्या घरातली रीतच होती: आधी टिचकी, मग तिच्यासमोर जाऊन बोलणं. ही रीत कोणी घातली, कधी घातली, कोणाला आठवत नव्हतं.

"भोपळा मिळतो ना, त्या दिवशी काय होतं गं?"

भिंगरीनं खांदे उडवले. "बाई बोलतात."

"मग?"

"मग संपतं."

एवढ्यावर तिची जबानी आटोपली आणि ती गिरकी घेत स्वयंपाकघरात गेली.

दुसऱ्या दिवशी मामानं कंपनीतून एक कोरी नोंदवही आणली. तसली वही प्रत्येक लिफ्टच्या मशीनच्या खोलीत खिळ्याला टांगलेली असते. रकाने छापलेलेच होते: तारीख, वेळ, मजला, वजन, हवामान, काय दिसलं. मामानं 'मजला' खोडून 'शेजारी कोण' केलं, 'वजन' खोडून 'झोप' केलं, आणि मार्कांना आणि मशीनच्या सेलला एकेक रकाना आखला.

"हवामान कशाला?" ताईनं विचारलं. "ती काय गच्चीवर बसून लिहिते?"

"असू दे. छापलेलंच आहे."

शेवटचा 'काय दिसलं' हा रकाना भिंगरीनं भरायचा असं ठरलं. तिला लिहायचा कंटाळा, म्हणून तिनं अट घातली की ती चित्र काढणार. मामाला चालणार होतं. इमारतीतल्या म्हाताऱ्यांपेक्षा चित्र बरं, ते मूळव्याधीवर घसरत नाही.

पहिल्या आठवड्यात मामाचा संशय सेलवर होता. त्यानं रोज सकाळी नवे सेल घातले. सोमवारी नऊ मिळाले, तेव्हा तो जिन्यातच शीळ घालत वर आला. मंगळवारी भोपळा. बुधवारी भोपळा. साप साप म्हणून भुई धोपटून झाली. मग त्यानं झोप तपासली. नऊ तास झोपूनही भोपळा मिळत होता आणि सर्दीनं नाक चोंदून सात तास झोपलेली असतानाही नऊ. मग शेजारी बसणाऱ्या मुलीवर संशय घेतला, ती फार बडबडी होती. पण तीच मुलगी चांगल्या दिवशीही तिथंच असायची आणि तेवढीच बडबडायची. मग पाण्याच्या पंपाची वेळ, मैदानावरच्या कवायतीची वेळ, सगळं झालं. दुसरा आठवडा संपत आला, वही भरत आली आणि हाती मात्र काही लागेना.

"बाईंचा मूड असेल," मामा शनिवारी रात्री जेवताना म्हणाला.

"आता बाईंचाही पंचनामा कर," ताई म्हणाली. "त्या वाईट नाहीत रे. भिंगरीला त्यांनी मुद्दाम पहिल्या बाकावर बसवलंय. तिच्या अगदी जवळ येऊन बोलतात, मोठ्यानं. मला स्वतः सांगितलं त्यांनी."

मामानं जेवणाचं ताट बाजूला सारलं आणि हात धुऊन वही पुन्हा उघडली. या वेळी त्यानं आकड्यांकडे न बघता चित्रांकडे पाहिलं. भिंगरीनं रोज एकच चित्र काढलं होतं, बाईंचं. काही चित्रांत बाईंना डोळे होते, नाक होतं, चष्मा होता आणि दातांसकट भलंमोठं तोंड होतं. काही चित्रांत नुसता लंबगोल, आत पेन्सिलीनं गच्च गिरवलेला.

"ही बघ, कंटाळा केला की नुसतं गिरवून ठेवते," ताई म्हणाली.

"कंटाळ्यानं एवढं गिरवतात होय? एका चेहऱ्याला अर्धी पेन्सिल घालवलीय." मामाचं बोट रकान्यातून सरकत होतं. गिरवलेला चेहरा, भोपळा. गिरवलेला चेहरा, भोपळा. तोंडवाला चेहरा, नऊ. मग ते बोट डावीकडे सरकलं आणि थांबलं. भोपळ्यांसमोर, मामाच्याच अक्षरात, लिहिलेलं होतं: ऊन. ऊन. कडक ऊन. नऊ-दहासमोर: ढग. ढग. भुरभुर पाऊस.

त्याला चार वर्षांपूर्वीची एक कचेरी आठवली. तिथल्या लिफ्टचं दार काही दुपारी बंदच होईना. बंद व्हायला आलं की परत उघडायचं. तिघांनी तीन पार्ट बदलले. शेवटी सापडलं ते असं की दारात कोणी उभं आहे का हे बघणारा जो छोटा डोळा असतो, त्यावर पश्चिमेच्या खिडकीतून थेट ऊन पडायचं आणि तो दिपून जायचा. ढग आले की दार शहाण्यासारखं वागायचं. त्या दिवसापासून कंपनीनं वहीत हवामानाचा रकाना छापला होता. पण मुलीच्या कानाला ऊन कसं लागेल?

हा प्रश्न घेऊन मामा झोपायला गेला आणि सकाळी तसाच परत आला. रविवार होता, बाहेरच्या खोलीच्या खिडकीतून लख्ख ऊन येत होतं. ताई कपड्यांच्या घड्या घालत होती. मामा खिडकीकडे पाठ करून उभा राहिला आणि टेबलावर टिचकी मारली. भिंगरीनं वर पाहिलं. मामा नेहमीच्याच आवाजात म्हणाला, "संध्याकाळी बागेत जायचं का?"

भिंगरीनं डोळे बारीक केले.

"बागेत जायचं का?" तो आणखी मोठ्यानं म्हणाला.

"मामा, दिवा लाव ना," भिंगरी म्हणाली. "ऐकू येत नाही."

ताईच्या हातातली चादर तशीच राहिली.

मामानं दिवा लावला. तो खिडकीपासून निघून समोरच्या भिंतीपाशी आला आणि तेच वाक्य हळू आवाजात म्हणाला. भिंगरी टाळ्या पिटत उडाली. "बागेत! जायचं!"

नंतरचा अर्धा तास तिघांनीही एक अजब खेळ खेळून काढला. मामानं तोंडासमोर वही धरली, भिंगरीला काही कळलं नाही. ताईनं आवाजच काढला नाही, नुसते ओठ हलवले, भिंगरीला अर्धं कळलं. मशीन आवाज मोठा करत होतं, पण शब्द जुळवायला तिला समोरचा चेहरा लागत होता. तिला स्वतःला वाटत होतं की सगळ्यांनाच असंच ऐकू येतं. आणि घरात तिच्याशी पाठमोरं कोणी कधी बोलतच नव्हतं, पाच वर्षं सगळे टिचकी मारून समोर येत होते, त्यामुळे घरच्यांच्याही ते ध्यानात आलं नव्हतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय.

ताई चादरीसकट खाली बसली. "मी तिला मारलं रे," ती म्हणाली. "गेल्या महिन्यात. मुद्दाम करते म्हणून."

मामा लिफ्टचा माणूस. त्यानं तिच्या हातातून चादर घेतली आणि वेडीवाकडी का होईना, घडी घातली.

सोमवारी त्यानं अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि मधल्या सुट्टीत वर्गाच्या बाईंना गाठलं. बाई सडपातळ, पन्नाशीच्या, आवाज पार बसलेला. त्यांनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं. पालक दोन प्रकारचे असतात, भांडायला येणारे आणि रडायला येणारे. हा कुठल्या प्रकारात बसतो ते त्यांना कळेना.

"फक्त एवढं दाखवाल का," मामा म्हणाला, "श्रुतलेखन घालताना तुम्ही नेमक्या कुठं उभ्या राहता?"

"हे काय, इथं." बाई पहिल्या बाकाशेजारी, खिडकीला पाठ करून उभ्या राहिल्या. "खरं तर फळ्यापाशी उभी राहिले तरी बाकी वर्गाला चालतं. पण तुमच्या भाचीसाठी मी मुद्दाम इथं येते. अगदी तिच्याजवळ. घसा फोडून बोलते. डॉक्टरांनी मला दोनदा तंबी दिलीय आवाजावरून. आणि एवढं करून ती कोरी वही देते, तेव्हा माझ्या जिवाला काय होत असेल सांगा."

मामाला तिथंच सगळं समजलं आणि त्याला पळून जावंसं वाटलं. दोष सापडला की त्याला आनंद व्हायचा. आज सापडला तो एका भल्या बाईच्या चांगुलपणात सापडला होता.

तो भिंगरीच्या बाकावर बसला. गुडघे हनुवटीला टेकले. पिशवीतून त्यानं मशीनच्या खोलीत वापरायची, आवाज अडवणारी कानपट्टी काढून कानांवर चढवली आणि म्हणाला, "काहीही बोला." खिडकीतून ऊन ओतत होतं. वर्गातले दिवे बंद होते, दिवसा कोण लावतं? समोर बाईंचा पुठ्ठ्यातून कापून काढावा तसा काळा आकार उभा होता. त्यातून काहीतरी घुमत होतं. तोंड कुठं आहे तेही दिसत नव्हतं. ढगाळ दिवशी वर्गात दिवे लागत, आणि भिंगरीला बाई दिसत.

"आता तुम्ही बसा," तो उठून म्हणाला, "मी बोलतो."

बाई बसल्या, कानपट्टी लावली. मामानं खिडकीत उभं राहून तीन वाक्यं सांगितली. मग दाराच्या बाजूला जाऊन, तोंडावर ऊन घेऊन, तीच तीन वाक्यं पुन्हा सांगितली. दुसऱ्या वेळी बाईंच्या डोळ्यांत काहीतरी हललं. त्यांनी कानपट्टी काढून बाकावर ठेवली. त्या खिडकीकडे वळल्या.

"म्हणजे माझंच चुकलं," त्या म्हणाल्या.

"तसं नाही, बाई..."

"नाहीतर कसं? पावणेदोन वर्षं मी या पोरीसाठी इथं उभी राहतेय. सगळ्या शाळेला सांगत आलेय की मी काय काय करते. आणि तुम्ही एका सकाळी येऊन मला दाखवताय की मीच तिच्या वाटेत उभी होते." त्यांचा बसका आवाज चिरकला. "जा तुम्ही. मुलं येतील आता."

मामा गेला. रात्रभर त्याला आपण करायला गेलो एक आणि झालं भलतंच असं वाटत राहिलं. शाळेच्या पत्रामागचा अहवाल बाईंचाच होता. त्यांनी तो तसाच पुढे रेटला तर लिफ्टवाल्याची वही कोण विचारणार होतं?

बैठक शुक्रवारी होती. मुख्याध्यापिकांना सगळे मोठ्या बाई म्हणत. त्यांच्या खोलीत फायलींची कपाटं होती आणि पाहुण्यांसाठी दोन कडक खुर्च्या. ताई लाँड्रीतून थेट आली होती, साडीला अजून दोरे चिकटलेले होते. पर्समध्ये पेन होतं. मामा वही मांडीवर घेऊन बसला. वर्गाच्या बाई बाजूला उभ्या राहिल्या. सोमवारपासून त्या या दोघांशी चकार शब्द बोलल्या नव्हत्या.

मोठ्या बाईंनी अहवाल वाचायला घेतला. "विद्यार्थिनी लहरी आहे..."

"तो अहवाल मी परत घेतेय," वर्गाच्या बाई म्हणाल्या.

मोठ्या बाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

"मंगळवारपासून मी दाराच्या बाजूला उभी राहून वाक्यं घालतेय. दिवे लावून. आवाज न चढवता. ही वही." त्यांनी श्रुतलेखनाची वही टेबलावर उघडली. "सहा, सात, पाच, सात. धडा नवा आणि अवघड आहे, सगळ्यांचेच मार्क उतरलेत. चारही दिवस कडक ऊन होतं."

ताईनं वही ओढून घेतली. पानावर वाक्यं होती, दहाच्या दहा. त्यातली काही लाल रेघांनी छेदलेली. एका ठिकाणी भिंगरीनं 'विहीर'मधली दुसरी वेलांटी पहिली केली होती, एका ठिकाणी एक शब्दच गाळला होता. ताई त्या लाल रेघांवरून बोट फिरवत राहिली आणि एकदम हसायलाच लागली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"चुकलीय," ती भावाला म्हणाली. "बघ ना रे, चुकलीय! सगळी पोरं चुकतात तशी चुकलीय."

मोठ्या बाईंनी प्रश्न विचारले, मामानं वही दाखवली. त्या बाई कजाग नव्हत्या, कामात बुडालेल्या होत्या. दहा मिनिटांत त्यांनी निकाल लावला. मुलगी वर्गातच राहील. खिडकीला पडदा लावू. बाकीच्या शिक्षकांना तशी सूचना देऊ. त्यांनी सहीचा कागद मधोमध फाडला आणि घड्याळाकडे पाहिलं.

ताई उठली. हात जोडले, पर्स काखेला लावली. तिला आता एकच हवं होतं, बाहेर पडून वर्गाच्या खिडकीतून भिंगरीला नुसतं बघायचं होतं. पण मामा उठेना. त्याच्या चेहऱ्यावर पुन्हा ते बिघाड बघतानाचं हसू आलं होतं. ताईनं त्याच्या बुटावर चप्पल दाबली.

"एक विचारू?" मामा म्हणाला. "खालच्या खोलीत अकरा मुलं आहेत. त्यांच्यातल्या किती जणांच्या कागदावर 'लहरी' लिहिलंय?"

"म्हणजे?"

"म्हणजे कधी जमतं, कधी जमत नाही, असं किती जणांचं आहे? मला आपलं कुतूहल."

"तुमच्या भाचीचं काम झालंय ना?" मोठ्या बाई म्हणाल्या. आवाजात धार आली होती. "मग?"

वर्गाच्या बाई, भिंतीकडे बघत, म्हणाल्या, "सात जणांचं. त्यातले तीन अहवाल मी लिहिलेत."

एवढं मोठं उत्तर येईल असं मामाला वाटलं नव्हतं. ताई दारापाशी पोचली होती, तिचा हात कडीवर होता. तिला कळत होतं की आता भाऊ जास्त बोलला तर मिळालेलंही हातचं जाईल, शाळेशी वाकडं घेऊन कोणाचं भलं झालंय? तिनं कडी सोडली. परत आली आणि त्याच कडक खुर्चीवर बसली.

"मोठ्या बाई," ती म्हणाली. एवढं सलग ती कुठल्याही कचेरीत कधी बोलली नव्हती. "मी सही करायलाच निघाले होते. पोरीला मणी ओवायला बसवणार होते आयुष्यभर, आणि वर म्हणणार होते, शाळेनं किती केलं. माझा भाऊ लिफ्टवाला निघाला, म्हणून वाचले मी. त्या सात जणांच्या आयांनी लिफ्टवाले भाऊ कुठून आणायचे? विचारायचं काम शाळेचं नाही का?"

"प्रत्येक मुलामागे वही घेऊन बसायला माझ्याकडे माणसं नाहीत हो," मोठ्या बाई म्हणाल्या. खरं तेच सांगत होत्या त्या, आणि त्यांचा चेहराही पहिल्यांदाच थकलेला दिसला.

"मला शुक्रवारी अर्धा दिवस सुट्टी असते," ताई म्हणाली. "एका मुलामागे मी बसते. तुम्ही नाही म्हणालात तर पुढच्या शुक्रवारी परत विचारायला येईन, आणि येताना त्या आयांनाही घेऊन येईन. पत्ते शोधायला माझा भाऊ आहे."

मोठ्या बाईंनी फाडलेल्या कागदाचे दोन तुकडे एकावर एक ठेवले, परत वेगळे केले. त्या नाही म्हणाल्या नाहीत, हो पण म्हणाल्या नाहीत.

"खालची मुलं अजून अर्धा तास आहेत," वर्गाच्या बाई म्हणाल्या आणि सगळ्यांच्या आधी जिन्याकडे निघाल्या.